रंजिताचा आढावा आणि पूनमसिंगची बोटं

रंजिता राठोड आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. त्यामुळे तिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते ऐकीव नाही. भिंत पातळ आहे, एवढंच.

या बाईचा इतिहास लिहायचा तर कोणी कोणाला कशाने मारलं, याच क्रमाने लिहावा लागतो. जन्म घाटंजीजवळच्या तांड्यातला. पाढे चुकले म्हणून शाळेत गुरुजींनी तिला रुळाने मारलं, तर हिने तो रूळ दुसऱ्या दिवशी चुलीत घातला. कॉलेजात असताना आठवडी बाजारात एका शहाण्याने गर्दीचा फायदा घेतला. हिने शेजारच्या कांदेवाल्याच्या तराजूतलं वजन उचललं आणि त्याच्या दातांवर हाणलं. तो गडी अजूनही बाजारात येतो, पण तोंड मिटून. मग लग्न झालं, दिग्रसकडच्या राजकुमारशी. त्याने पहिली थप्पड मारली तेव्हा ही गप्प बसली. दुसरीला वरवंटा त्याच्या नडगीवर बसला आणि ही बॅग उचलून एसटीत. राजकुमार आजही जरा लंगडतो.

अशी बाई आमच्या घाटंजीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि पीएचडी करते. विषय? तांड्यातल्या मारामाऱ्या आणि त्यांचा निवाडा. दुसरा विषय तिला सुचला असता तर मीच पेढे वाटले असते.

मी एकदा भिंतीवरून विचारलं, "काय व मास्तरीण, आता मारामारीचीही डिग्री निघाली काय?"

"निघाली ना काका. तुमच्या घरचं एक प्रकरण टाकू का त्यात? काल सकाळी काकूंनी फेकलेलं पातेलं आमच्या अंगणात येऊन पडलं."

या पोरीशी बोलताना माणसाने हेल्मेट घालावं.

तर तिचे मार्गदर्शक अवधूत सर यवतमाळला राहतात. ते म्हणाले, आधी आढावा लिहा. म्हणजे आपल्या विषयावर जगात आजवर कोणी काय लिहून ठेवलं, ते सगळं वाचायचं आणि कोण काय म्हणालं, कुठे चुकलं, काय राहिलं ते मांडायचं. सगळं इंग्रजीत. आफ्रिकेतली गुरं पळवणारी माणसं कशी भांडतात, राजस्थानातली पंचायत काय दंड करते, असे ढीगभर लेख. दिवसा कॉलेज, संध्याकाळी शिकवण्या. ही वाचणार कधी? म्हणून तिने एआय घेतला हाताशी. लेख त्याच्यात टाकायचे, प्रश्न विचारायचे, तो पटापट सार काढून द्यायचा.

पहिल्या आठवड्यात भिंतीपलीकडून किंचाळणं ऐकू आलं. "खोटारड्या! हा माणूसच नाई जगात! कोठून आणला तू?"

मला वाटलं दुसरं लग्न केलं की काय. धावत गेलो तर ही लॅपटॉपवर ओरडून राह्यली. एआयने एका लेखकाचं नाव दिलं होतं, लेखाचं नाव दिलं होतं, पान क्रमांकसुद्धा. तो लेखही नव्हता आणि लेखकही नव्हता. मग काय, रंजिताने कंबर कसली. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ ती ग्रंथालयात आणि नेटवर जाऊन शोधायची. सापडला तर ठेवायची, नाही तर चिरडायची. जन्मालाच न आलेले किती विद्वान तिने असे मारले, त्याचा पंचनामा नाही. बाहेरचा एकही खोटा माणूस तिच्या आढाव्यात शिरू शकला नाही, हे मी भिंतीवर हात ठेवून सांगतो.

घात घरच्याने केला.

ते कळायला जुनी गोष्ट सांगावी लागते. रंजिता शाळेत होती तेव्हा होळीच्या दिवशी तिच्या तांड्यात खून झाला. बंजाऱ्यांच्या होळीत बायका गोडाचं भांडं राखतात, गडी ते पळवायला येतात आणि बायका त्यांना काठ्यांनी झोडतात. तो खेळच आहे, पाठ सोलून निघाली तरी कोणी रागावत नाही. त्या वर्षी खेळ संपला, दारू झाली आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन टोळकी एकमेकांच्या अंगावर गेली. धूळ, शिव्या, लाठ्या. धूळ बसली तेव्हा खेमसिंग पडला होता, मान अर्धी तुटलेली. आणि त्याच्याजवळ त्याचा दोस्त पूनमसिंग उभा होता. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, उरलेल्या बोटांत कुऱ्हाड.

पोलिसांनी पूनमसिंगला उचललं, कुटलं. पण पाहिलं असं सांगणारा कोणी निघाला नाही आणि तो स्वतःही काही बोलला नाही, म्हणून सुटला. अर्धा तांडा म्हणायचा यानेच मारलं, अर्धा म्हणायचा नाही. त्याच्या घरी सोयरीक जुळायला नाकी नऊ आले. खेमसिंगची बायको रुपीबाई आणि तिचा चिमुकला पोरगा बादल, यांना खेमसिंगचा धाकटा भाऊ किसनसिंग याने घरात घेतलं, वाढवलं. बादल आता ट्रॅक्टर चालवतो. दाराच्या चौकटीत मावत नाही एवढा झालाय, आणि काका म्हणजे त्याचा देव.

रंजिताने संशोधनासाठी तांड्यातल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा रुपीबाईने तिला एकटीला खरं सांगितलं. कुऱ्हाड घातली ती किसनसिंगने. सख्ख्या भावाने, त्याच पाण्याच्या पाळीवरून. पूनमसिंगने ती पात्यालाच धरली, बोटं गमावली, तरी दुसरा घाव थांबला नाही. किसन कुऱ्हाड टाकून पळाला. मग रुपीबाईच पूनमसिंगच्या पाया पडली. दीर जेलात गेला तर पोराला कोण पोसणार? पूनमसिंगने तोंड शिवलं.

"नाव लिवशील तं माह्या मेल्याचं पाप तुह्यावर," रुपीबाई म्हणाली होती.

रंजिताने शब्द पाळला. मुलाखत टाइप करताना तिने किसनसिंगचं नाव काढलं, तिथे 'एक जण' असं लिहिलं. पूनमसिंगचं नाव राहू दिलं, कारण तो तर वाचवायलाच धावला होता. आणि सगळं एआयपाशी एकाच ठिकाणी साठवलं. आफ्रिकेचे लेखही त्यातच, रुपीबाईचं रडणंही त्यातच.

आता तांड्याच्या नायकाने तिला मुलाखतींची परवानगी दिली होती ती एका अटीवर. पुस्तकात आमच्याबद्दल जे जाईल ते आधी नसाबीत, म्हणजे तांड्याच्या बैठकीत, वाचून दाखवायचं. रविवारची बैठक ठरली. बोकड कापायचं ठरलं. रंजिताला न्यायला मी माझी जुनी मारुती काढली, निव्वळ शेजारधर्म म्हणून. बोकडाचा त्यात काही संबंध नाही, आणि आमच्या घरी हे कोणी सांगू नये.

निघायच्या आधी तिने लॅपटॉप उघडला. प्रबंध इंग्रजीत, तांड्याला कसा कळणार? म्हणून एआयला सांगितलं, या आढाव्याचं सोप्या मराठीत करून दे, उदाहरणं इथलीच दे. त्याने दिलं. गाडीत बसल्या बसल्या तिने पहिलं पान पाहिलं.

मी म्हटलं, "पूर्ण वाचलं का व?"

"काका, बाहेरचं सगळं तपासलं मी. बाकी आपल्या तांड्याचं आहे. ते मला माहीत नाई का?"

बैठक कडुनिंबाखाली भरली. नायक मधोमध, त्याच्या बाजूला किसनसिंग पांढऱ्या पटक्यात. पूनमसिंग नेहमीसारखा कडेला, एकटा, दोन बोटं गेलेला हात मांडीखाली दाबून. बायका एका अंगाला, त्यात रुपीबाई, विधवेचे मोकळे दंड, एक बांगडी नाही. बादल बैलगाडीला टेकून उभा. मागे चुलाणावर हंडा रटरटत होता.

रंजिता वाचू लागली. छान वाचत होती. आफ्रिकेत गुरांवरून कसे खून पडतात हे ऐकून म्हातारे म्हणाले, "हे तं आपल्यासारखंच हाय बाप्पा!" हशा झाला. मग ती पुढच्या पानावर गेली. वर्गात शिकवून शिकवून तिचा आवाज डोक्याच्या पुढे धावतो, तसाच धावला.

"...अशा वादांत जवळचा मित्रही मारेकरी ठरतो. घाटंजीजवळच्या एका तांड्यात होळीच्या दिवशी पूनमसिंग यांनी कुऱ्हाडीने खेमसिंग यांचा..."

तिचा आवाज तिथे तुटला. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

मुलाखतीत किसनसिंगचं नाव काढून 'एक जण' लिहिलं, तिथे भोक पडलं होतं. मशीनला भोक आवडत नाही. त्या पानावर कुऱ्हाडीजवळ एकच नाव उरलं होतं, तेच त्याने भोकात ठोकलं.

"नाई! हे चुकीचं हाय! थांबा, हे चुकीचं..." रंजिता ओरडली.

बादल थांबला नाही. बैलगाडीची उभारी त्याने एका हिसक्यात उपसली. मनगटाएवढं जाड ते लाकूड मी डोक्यावरून फिरताना पाहिलं आणि माझ्या पोटातली भूक मेली. पहिला घाव पूनमसिंगच्या डोक्यावर बसला. नारळ फोडल्यासारखा आवाज. म्हातारा कलंडला, कपाळ उघडलं, रक्त डोळ्यांत उतरलं. दुसरा घाव पाठीवर. तिसरा बरगड्यांवर, आणि तोंडातून फेस आला, लाल.

"मार त्याले!" किसनसिंग उभा राहून ओरडला. "पुस्तकात लिवून आलं आता! माह्या भावाले खाल्लं यानं, मार!"

पूनमसिंगचा पोरगा शाम कोयता घेऊन धावला, त्याला चौघांनी खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. कोणी दगड उचलले. हंडा कलंडला, उकळता रस्सा एकाच्या पायावर पडला, तो जनावरासारखा बोंबलला. बायका पोरांना ओढत पळाल्या. मी कुठे होतो? मारुतीच्या मागे. शूरवीरांची यादी करायची असेल तर माझं नाव सोडून करा.

पूनमसिंगने एकदाही तोंड उघडलं नाही. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. डोकं हातांत धरून तो नुसता आकसत गेला.

चौथा घाव उचलला तेव्हा रंजिता मध्ये शिरली. दोन्ही हात वर करून म्हाताऱ्यावर वाकली. उभारी तिच्या उजव्या हातावर आली आणि कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. हात कोपराखाली नको तिथे वळला. ती किंचाळली नाही. दातांत पदर धरून तशीच वाकून राहिली. मग म्हणाली,

"माह्यं चुकलं. मी आधी न वाचता तुमच्यापुढं वाचलं. या पूनमसिंगांनी मारलं नाई बादल, ते तुह्या बापाले वाचवत होते. बोटं त्याच्यात गेली त्यांची."

"आता पलटी मारतेस?" बादलच्या नाकातून वाफ निघत होती. "वाचवत होता? कोणापासून?"

सगळा तांडा थांबला. लाथा थांबल्या.

"सांग ना, कोणापासून?"

रंजिताने एकदा बायकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला सांगता आलं असतं. एकच नाव, तिथेच पांढऱ्या पटक्यात उभं होतं. तिचा हात मोडला होता, पुढचा घाव डोक्यावर येणार होता, आणि तिने ओठ मिटले ते मिटलेच.

"पोट्टी खोटी हाय," किसनसिंग म्हणाला. "वढा तिले बाजूले. अन् तू हान रे बादल."

बादलने उभारी उचलली.

"तुह्या काकापासून."

आवाज मोठा नव्हता. रुपीबाई बायकांतून पुढे आली होती. माझ्यासारख्याला कळावं म्हणून नव्हे, पण तिने ते मराठीतच म्हटलं आणि मग गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, परत एकदा म्हटलं. "तुह्या बापाले तुह्या काकानं तोडलं. या पूनमनं पातं धरलं. म्या पाह्यलं. म्याच त्याले गप बसवलं."

"याडी?" बादल म्हणाला. आईला याडी म्हणतात त्यांच्यात. एवढ्या मोठ्या देहातून एवढा बारका आवाज निघेल असं वाटलं नव्हतं.

किसनसिंग पळाला असता तर वाचला असता. पण तो हसला. "येडी झाली बुढी," असं म्हणून हसला, आणि हसता हसता त्याची नजर पूनमसिंगच्या हाताकडे गेली. बादलने ती नजर पाहिली.

पुढचं मला लिहवत नाही, तरी लिहितो. पहिल्याच फटक्याने जबडा निखळला. पटका उडून चुलाणात पडला आणि पेटला. गुडघ्यावर उभारी आली तेव्हा पाय मागच्या बाजूला दुमडला. बादल रडत होता आणि मारत होता. प्रत्येक घावाला "काका, काका" म्हणत होता. कोणी अडवलं नाही. रुपीबाई जागची हलली नाही, तिने डोळेही मिटले नाहीत.

अडवलं ते पूनमसिंगने. रक्ताने आंधळा झालेला तो म्हातारा चाचपडत उठला आणि खाली येणारी उभारी त्याने दोन्ही हातांनी धरली, धड हाताने आणि दोन बोटं गेलेल्या हाताने. लोंबकळलाच तिला.

"बस कर पोरा," तो म्हणाला. "तुह्या बापाच्या वक्ती कमी पडलो मी. आता पडू देऊ नको."

बादलने लाकूड सोडलं.

जखमींना माझ्या मारुतीत कोंबून मी यवतमाळला नेलं. मागची सीट अजून धुवून निघाली नाही. दवाखान्यात पोलीस आला. किसनसिंगने तुटक्या जबड्यातून सांगितलं, बैलगाडीतून पडलो. पूनमसिंग म्हणाला, झाडावरून. शाम म्हणाला, विहिरीच्या काठावरून. रंजिता म्हणाली, कॉलेजच्या पायरीवरून. हवालदार म्हणाला, "काय हो साहेब, आज तुमच्या घाटंजीत जमिनीची ओढ जास्त होती काय?" मी म्हटलं, "उन्हाळ्यात वाढतेच."

नसाब पुन्हा बसली. किसनसिंगला तांड्यातून काढलं. तो लेकीकडे गेला, राजूरला, आता चमच्याने पेज पितो. नायकाने सगळ्यांसमोर पटका काढून पूनमसिंगच्या पायावर ठेवला. रुपीबाईला मात्र कोणी दोषही दिला नाही आणि कोणी घरातही घेतलं नाही. बादलने दाराला आतून कडी घातली आणि आईला बाहेरून म्हणू दिलं काय म्हणायचं ते. शेवटी रंजिता प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून गेली आणि तिला घाटंजीला घेऊन आली.

अवधूत सरांना सगळं कळलं तेव्हा ते फोनवर उत्साहाने म्हणाले, "अहो मॅडम, हे तर फार मोलाचं प्रकरण झालं! नावं बदलून घालूनच टाका प्रबंधात." रंजिताने त्यांना जे उत्तर दिलं ते मी भिंतीतून ऐकलं, पण छापता येणार नाही. तिने तांड्याचं सगळं प्रकरण काढून टाकलं. मुलाखती पुसल्या, रुपीबाईची रेकॉर्डिंगही पुसली. पदवी आता कधी मिळते ते देव जाणे. आढाव्यासाठी एआय अजून वापरते, डाव्या हाताने टाइप करत. छापून आलेल्या लेखांपुरताच. आणि त्याने काही सोपं करून दिलं की शब्द न् शब्द मूळ लेखाशी ताडून बघते, घरचा असो की आफ्रिकेचा. मी चिडवलं, "एवढं बारीक तं तुह्या सासूनंही तुले तपासलं नसन."

"तपासलं असतं काका, तं लग्नच झालं नसतं," ती म्हणाली. पण हसली नाही.

मागच्या बाजाराच्या दिवशी दुपारी बादल आला. फाटकाबाहेर ट्रॅक्टर लावला आणि आत येऊन उभा राहिला. मुठी वळलेल्या. मी फाटकाकडे धावलो आणि मग मला माझं वय आठवलं.

"ती रेकॉडिंग दे," तो रंजिताला म्हणाला. "याडीनं सांगितलेली. मले आइकाची हाय."

"पुसली."

"खोटं नको बोलू."

"खोटं एकदा बोलून झालं माह्यं. त्याचा हा हात. पुसली म्हणते ना."

"तं मी कसं आइकू?"

रंजिता दारातून बाजूला झाली. आत रुपीबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. बादल आत गेला नाही. तो पायरीवर बसला, आईकडे पाठ करून, ट्रॅक्टरकडे तोंड करून.

"तुले माहीत होतं," तो म्हणाला. "तं त्याच्या घरी कायले राह्यली?"

तांदळाचा आवाज थांबला.

"तू उपाशी होता."

बादलची मूठ उघडली, परत मिटली. पायरीच्या फरशीवर त्याने ती दोनदा आपटली. बोटांची सालं निघाली.

"पुढं सांग," तो म्हणाला.